विंचवाचे बिऱ्हाड : खिशात मावणाऱ्या संगणकप्रणालीचा इतिहास

धामणगाव नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. आमच्या अमरावती जिल्ह्यातच अचलपुराच्या बाजूस धामणगाव गढी आहे, बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. आमचे धामणगाव मात्र 'धामणगाव रेल्वे'. शेजारचे चांदूरही असेच, चांदूर बाजारपासून वेगळे कळावे म्हणून चांदूर रेल्वे झालेले. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ नागपुरास पोहोचले, आणि त्या रुळांच्या काठाने कापसाच्या गाठी बांधणारी गावे वाढली. गावाचे आडनावच रेल्वे असल्यावर येणारे-जाणारे लोक हा गावाच्या स्वभावाचा भाग होतो. यवतमाळास जाणारा उतारू आजही मोठ्या गाडीतून धामणगावास उतरतो, सामान खाली ठेवतो, घाम पुसतो आणि पुढच्या वाहनाची वाट पाहतो.

अशा उतारूंकडे पाहून आमची आजी 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे म्हणत असे. या म्हणीत थोडी कीव आहे. ज्याला घर नाही त्याचे घर त्याच्या पाठीवर. पण हीच म्हण किंचित फिरवून वाचली तर तिच्यात स्वातंत्र्यही दिसते: ज्याचे बिऱ्हाड पाठीवर आहे त्याला कोणी घराबाहेर काढू शकत नाही. या दुसऱ्या अर्थाने ही म्हण संगणकाच्या इतिहासात एकदा खरी झाली होती. संगणकाला चालवणारी संपूर्ण प्रणाली बोटभर पेनड्राइव्हवर बसवायची, तो कोणत्याही परक्या यंत्रास लावायचा, आणि यंत्र सुरू केले की आत आपले घर उघडायचे: आपली भाषा, आपले टंक, आपली कागदपत्रे. काम संपले की पेनड्राइव्ह काढून घ्यायचा. यंत्र पूर्ववत ज्याचे त्याचे. या कल्पनेचा उगम, तिचा बहर आणि तिचा शेवट सांगावा, आणि या सर्वांत मराठी लिहिणाऱ्याचे काय झाले हे पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

आरंभ परक्या यंत्रापासून करावा लागेल. 'पर्सनल कॉम्प्युटर' हे नाव आमच्या गावात फार काळ थट्टेचे वाटावे असेच होते. २००० नंतरच्या दशकात आम्ही जे संगणक वापरले त्यांतील एकही आमचा व्यक्तिगत नव्हता. एक स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत, एक संगणकाच्या शिकवणीवर्गात, एक कचेरीत आणि एक मामांच्या छपाईच्या दुकानात. तासाचे पैसे मोजून, वीज जाण्याच्या आत, दुसऱ्याच्या कळफलकावर बसायचे. अशा ठिकाणी मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटले की पहिला प्रश्न लिहायचे काय हा नसे; हे यंत्र आपल्याला लिहू देईल काय, हा असे.

तपशील सांगितला पाहिजे, कारण तो आता विसरला जात आहे. विंडोज एक्सपी या त्या काळच्या सर्वत्रिक प्रणालीत देवनागरीची सोय होती, परंतु ती निजलेली होती. तिला जागे करण्यासाठी नियंत्रण-पटलातील भाषाविषयक खिडकीत जाऊन 'जटिल लिपींच्या' फायली बसवण्याच्या पर्यायापुढे खूण करावी लागे. तशी खूण केली की प्रणाली आपली मूळ सीडी मागे. सायबर कॅफेच्या मालकाकडे ती सीडी नसे, असली तरी गिऱ्हाइकाला देण्याचे त्याला कारण नसे. तोवर आंतरजालावरील मराठी पाने उघडली तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे न बसता पुढे जाऊन बसे, जोडाक्षरे पाय मोडून पडत, आणि टंकच नसेल तर ओळीच्या ओळी चौकोनांनी भरत. आपली लिपी 'जटिल' ठरते ती कोणाच्या तुलनेत, हा प्रश्न आम्हांस तेव्हाही पडत असे. पण प्रश्न तात्त्विक होता आणि अडचण व्यावहारिक होती: परक्याच्या घरात आपली भाषा बोलण्यासाठी घरमालकाची परवानगी लागत होती.

छपाईच्या जगात मराठी पूर्वीच पोहोचली होती, पण तिथे कुलपे निराळी होती. ऐंशीच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र घडले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते वाढवले. त्याचा आरंभीचा अवतार म्हणजे संगणकात खोचण्याचे एक कार्ड होते. कार्ड असेल त्या यंत्रावर मराठी, नसेल त्यावर नाही. पुढे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी छपाईच्या दुकानांतून पसरले. या पिढीच्या व्यावसायिक आज्ञावलींबरोबर एक छोटे यंत्र मिळे, ज्यास सर्वजण 'लॉक' किंवा 'डोंगल' म्हणत. ते संगणकाच्या मागे लावले असेल तरच आज्ञावली चाले. आमचे मामा लग्नपत्रिका छापीत. रात्री दुकान बंद करताना ते आपले लॉक काढून गल्ल्यात ठेवीत आणि सकाळी उदबत्ती लावून झाली की पुन्हा जागेवर बसवीत. मराठी अक्षरे त्या इंचभर वस्तूत राहतात असा आमचा बालपणी समज होता, आणि व्यवहारात तो फारसा चुकीचाही नव्हता.

शिवाय प्रत्येक टंकाचा अक्षरसंकेत स्वतंत्र. एका आज्ञावलीत टाइप केलेला मजकूर दुसरीत उघडला की रोमन चिन्हांचा गोंधळ दिसे. वऱ्हाडातल्या वाचकांस याचे उदाहरण मूर्तिजापूरच्या स्थानकावर सापडेल. यवतमाळहून येणारी 'शकुंतला' अडीच फुटी रुळांवरून तिथवर येई. पुढे मुंबईचा रूळ साडेपाच फुटी. डबे पुढे जाऊ शकत नसत, म्हणून माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. मराठी मजकुराची हमाली अशीच अनेक वर्षे चालली. सर्व लिप्यांस एकच रुंदीचा रूळ घालून देणारे युनिकोड १९९१ सालीच आले होते आणि त्यात देवनागरी आरंभापासून होती. पण रूळ असून गाडी नाही, अशी स्थिती आमच्याकडे पुढची दहा-पंधरा वर्षे राहिली.

आता खिशातल्या प्रणालीकडे वळू. वाचकांस आश्चर्य वाटेल, पण संगणकाचे बिऱ्हाड आरंभी पाठीवरचेच होते. १९८१ साली आयबीएमने आपला पीसी विकावयास काढला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. डॉस ही प्रणाली फ्लॉपीवर असे. फ्लॉपी घातली की यंत्रात प्राण येई, काढली की ते पुन्हा रिकामे. १९८३ सालच्या पुढच्या आवृत्तीत १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि प्रणाली यंत्राच्या पोटात कायमची राहावयास गेली. सोय झाली, वेग वाढला. परंतु त्याबरोबर एक गोष्ट नकळत ठरून गेली, की ज्याचे यंत्र त्याचीच प्रणाली, आणि ज्याची प्रणाली त्याचेच नियम.

ही गाठ सोडवण्याचे प्रयत्न लिनक्सच्या जगात झाले, आणि ते तिथेच का झाले हेही उघड आहे. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स याने प्रसिद्ध केलेला लिनक्सचा गाभा कोणासही उघडून पाहता, बदलता आणि वाटता येत होता. एका प्रतीचे पैसे मोजून ती एकाच यंत्राशी बांधून घेण्याची अट तिथे नव्हती, म्हणून प्रणाली खिशात घेऊन फिरण्यास कायद्याचीही आडकाठी नव्हती. १९९२ साली इग्ड्रॅसिल नावाची लिनक्सची एक आवृत्ती सीडीवरून थेट चालू लागली. ती संथ होती आणि त्या काळी सीडी वाचणारी यंत्रेही थोडी होती. १९९९ साली लिनक्सकेअर या कंपनीने व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराची सीडी काढली. बिघडलेले संगणक दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांच्या पाकिटात ती राहू लागली.

खरे वळण आले ते २००० साली, क्नॉपिक्समुळे. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर या अभियंत्याने आपली नेहमीची साधने एका सीडीवर बसवली. ७०० एमबीच्या सीडीवर सुमारे २ जीबीचा ऐवज दाबून भरलेला असे आणि लागेल तेवढाच भाग क्षणोक्षणी उलगडला जाई. पण त्याहून महत्त्वाचे होते ते दुसरेच. नेहमीची प्रणाली आपल्या यंत्रास ओळखते, कारण ती तिथेच बसवलेली असते. क्नॉपिक्स मात्र दर वेळी अनोळखी यंत्रात उघडणार. म्हणून पडदा कोणता, ध्वनीचे कार्ड कोणते, स्मृती किती, याची चौकशी ते प्रत्येक वेळी नव्याने करी आणि स्वतःस त्या घराजोगते करून घेई. चांगला पाहुणा नेमके हेच करतो. पुढे क्नॉपर यांनी आपल्या दृष्टिबाधित पत्नीच्या नावाने एड्रियान ही आवृत्ती केली. ती पडदा न पाहता, ऐकून वापरता येते. स्वतःच्या गरजेप्रमाणे घडवलेले घर परक्या यंत्रात उघडता येणे याचा अर्थ अशा माणसासाठी किती मोठा असेल, हे वेगळे सांगावयास नको.

क्नॉपिक्समागोमाग या वाटेवर गर्दी झाली. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांचे पपी लिनक्स २००३ साली आले. ते इतके लहान होते की सगळेच्या सगळे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत चढे आणि जुनाट संगणकही तरतरीत वाटू लागे. झेक देशातून स्लॅक्स आले. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू अवतरले, आणि त्याच्या कर्त्यांनी मागेल त्यास जगभर फुकट सीडी टपालाने पाठवण्याचा उपक्रम २०११ पर्यंत चालवला. ज्या गावात इंटरनेटवरून ७०० एमबी उतरवून घेणे आठवड्याचे काम होते, तिथे पोस्टमनने आणून दिलेल्या पाकिटातून एक संपूर्ण प्रणाली निघत असे. या क्रांतीतला पोस्टमनचा वाटा कोणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून इथे त्याची नोंद करतो.

सीडीत एक उणीव होती. तिच्यावर काही लिहून ठेवता येत नसे. जुन्या शाळेतल्या धूळपाटीसारखे ते होते: धुळाक्षरे गिरवा, पाटी हलवली की सर्व पुसले. आमच्याकडे पाटी हलवण्याचे काम भारनियमन करी. ही उणीव पेनड्राइव्हने भरून काढली. संगणकास निरनिराळी उपकरणे एकाच प्रकारच्या खाचेतून जोडण्याची यूएसबी ही पद्धत १९९६ साली आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या चमूचे प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. २००० सालच्या अखेरीस बाजारात आलेले पहिले पेनड्राइव्ह ८ एमबीचे होते. दशक संपता संपता १ आणि ४ जीबीचे पेनड्राइव्ह आमच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानांत मिळू लागले, आणि यंत्राच्या बायोसमध्ये 'आधी यूएसबीपासून सुरुवात कर' असे सांगण्याची सोय आली.

पेनड्राइव्हवरचे बिऱ्हाड कसे मांडतात? दोन रीती आहेत. पहिलीत सीडीवरचीच दाबलेली, न बदलणारी प्रत पेनड्राइव्हवर ठेवतात आणि उरलेल्या जागेत बदलांसाठी एक वेगळा कप्पा करतात. छापील पोथीवर पारदर्शक कागद ठेवावा आणि टिपणे त्या कागदावर करावीत, तसे हे आहे. वाचणाऱ्यास दोन्ही एकत्र दिसतात. पोथी मात्र कोरीच राहते, आणि टिपणे बिघडली तर कागद तेवढा बदलता येतो. २००८ साली फेडोराच्या नवव्या आवृत्तीने ही सोय सामान्य वापरणाऱ्याच्या हाती दिली. उबुंटूतही ती होती. दुसरी रीत म्हणजे पेनड्राइव्ह हीच हार्ड डिस्क मानून तिच्यावर प्रणालीची पूर्ण स्थापना करणे. यात मोकळीक अधिक, पण पेनड्राइव्हवर सतत लिहिले जाते आणि त्याचे आयुष्य घटते, कारण त्यातली प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. एका यंत्रात जी डिस्क पहिली ती दुसऱ्यात दुसरी ठरते. म्हणून फिरत्या प्रणालीने आपली जागा आसनक्रमांकाने ओळखून चालत नाही, नावाने ओळखावी लागते. यासाठी प्रत्येक कप्प्यास एक लांबलचक अद्वितीय क्रमांक दिलेला असतो.

२००९ साली आम्ही तरुणपणाच्या अहंकाराने दुसरी रीत निवडली. ४ जीबीचा पेनड्राइव्ह, मामांचा दुकानातला संगणक आणि एक रविवार. स्थापना निर्विघ्न पार पडली. मराठी कळफलक आला, युनिकोडचे टंक आले, वेलांट्या जागच्या जागी बसल्या. त्या रात्री आम्ही मामांच्या यंत्रावर, मामांच्या कुलपाला हात न लावता, मराठीत दोन पाने लिहिली आणि विजयी मुद्रेने पेनड्राइव्ह खिशात घालून पहाटेच्या गाडीने अमरावतीस निघालो.

सकाळी मामांचा फोन आला. संगणक सुरू होत नव्हता. काळ्या पडद्यावर 'ग्रब' हे अक्षर आणि पुढे 'एरर २१' असा आकडा. 'निवडलेली डिस्क अस्तित्वात नाही' असा त्याचा अर्थ. चूक आमची होती. प्रणाली कोणती सुरू करायची हे ठरवणारा जो छोटा द्वारपाल असतो, तो कुठे बसवायचा हे स्थापनेच्या शेवटच्या पायरीवर एका गौण बटणामागे विचारलेले असते. आम्ही ते बटण न उघडताच पुढे गेलो, आणि द्वारपाल पेनड्राइव्हवर न बसता मामांच्या हार्ड डिस्कच्या उंबरठ्यावर जाऊन बसला. तो दर वेळी आमचा पेनड्राइव्ह शोधणार, आणि पेनड्राइव्ह अमरावतीत.

"अबे, तुह्या पेनड्राइव्हबिगर माहं दुकान उघडत नाही म्हणतं हे," मामा म्हणाले. "एक कुलूप होतंच, तुनं दुसरं लावून ठेवलं."

लग्नसराईचे दिवस होते. बडनेऱ्याहून संध्याकाळची पॅसेंजर पकडून आम्ही परतलो. एका मित्राकडून एक्सपीची सीडी मागून आणली होती. तिच्या दुरुस्तीच्या कक्षात जाऊन एक छोटी आज्ञा दिली आणि द्वारपाल जुना झाला. मामांनी चहा दिला, रागावले नाहीत. पण त्यांचे वाक्य आम्हांस आजतागायत सोडत नाही. ज्या वस्तूस आम्ही मुक्तीचे साधन समजत होतो, ती एका निष्काळजी क्लिकने कुलूप झाली होती. पेनड्राइव्ह तोच आणि खाचही तीच असताना तो किल्ली आहे की कुलूप, हे बसवणाऱ्याने कोणाच्या उंबरठ्यास हात लावला यावर ठरते. परक्या घरात आपले बिऱ्हाड मांडण्याचा हक्क मागणाऱ्याने ते घर होते तसे ठेवून जाण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे, हा या तंत्राचा नीतिनियम आम्ही त्या दिवशी शिकलो.

हे सर्व व्यक्तिगत झाले. महाराष्ट्रात या कल्पनेचा सामाजिक प्रयोग झाला काय, हे आता पाहू. पायाचे काम झाले होते. २००० साली सुरू झालेल्या इंडलिनक्स या उपक्रमाने भारतीय भाषा लिनक्सवर आणण्याचा ध्यास घेतला. आरंभ हिंदीपासून झाला. पुण्यात कार्यालय असलेल्या रेड हॅटने 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. ते टंक मुळात श्री-लिपीच्या कर्त्या मॉड्युलर इन्फोटेकनेच घडवलेले होते. म्हणजे कुलूप विकणाऱ्या कारागिराच्याच हातची अक्षरे एका वाटेने बिनकुलपी होऊन बाहेर पडली. २००७ साली सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय भाषांची मुक्त प्रणाली आणली. केरळ राज्याने याच सुमारास आपल्या शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालींवर नेले.

महाराष्ट्रात या कथेचा सर्वांत जवळचा प्रसंग रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या वस्तीत घडला. २००७ साली तिथल्या लहानशा एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. आदल्याच वर्षी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना नाकारली होती, म्हणून प्रयोग लहान राहिला. हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपांत 'शुगर' नावाची मुलांसाठी रचलेली प्रणाली होती. तिच्यात फायली आणि कप्पे यांऐवजी 'उद्योग' होते आणि मुलाने केलेल्या प्रत्येक गोष्टीची रोजनिशी आपोआप राखली जाई. यंत्राची किंमत शंभर डॉलर ठेवण्याचे स्वप्न होते. प्रत्यक्षात ती त्याहून बरीच चढली. गरीब देशांतील शाळांपुढचा प्रश्न तिथेच उभा राहिला: यंत्र परवडत नसेल तर मुलाने काय करावे?

या प्रश्नाचे एक उत्तर जून २००९ मध्ये बर्लिनच्या लिनक्सटॅग मेळाव्यात मिळाले. वॉल्टर बेंडर यांच्या शुगर लॅब्सने 'शुगर ऑन अ स्टिक' प्रसिद्ध केले. तीच मुलांची प्रणाली, पण १ जीबीच्या साध्या पेनड्राइव्हवर. विचार असा की यंत्र शाळेचे असू द्या, कोणाचेही जुने असू द्या. मुलाच्या गळ्यात पेनड्राइव्ह असेल, आणि त्यात त्याची चित्रे, त्याचे लेखन, त्याची रोजनिशी. शाळेत ज्या पानावर थांबला ते पान घरी किंवा शेजाऱ्याच्या यंत्रावर उघडेल. एक यंत्र चाळीस मुलांत फिरेल आणि प्रत्येकास ते आपले वाटेल. संगणकाच्या मालकीची इतकी साधी आणि इतकी न्याय्य वाटणी पूर्वी कोणी सुचवली असेल असे आम्हांस वाटत नाही.

तरीही ही वाटणी आमच्या भागात घडली नाही. कारणे मोठी नाहीत, म्हणूनच ती खरी आहेत. यंत्रांच्या बायोसवर परवलीचे शब्द असत. डायल-अपचे अनेक स्वस्त मोडेम केवळ विंडोजशी बोलत, छपाईयंत्रांचेही तसेच. पेनड्राइव्हची कीर्ती विषाणूंचा वाहक म्हणून झालेली होती आणि कॅफेतून त्यास मज्जाव असे. पाहुण्याने घरास हात लावला नाही तरी त्याच्या जातभाईंची अपकीर्ती त्यास भोवे. शिवाय छपाईची मराठी लॉकच्या पलीकडे होती, आणि लॉक लिनक्सला ओळखत नसे. शिकवणीवर्गांतून संगणक म्हणजे विंडोज असाच पाठ मिळाल्याने दुसरे काही असू शकते, ही शंकाच बहुतेकांना आली नाही.

मग २०१२ साली उंबरठ्यावरच नवा पहारेकरी आला. नव्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' ही व्यवस्था रूढ झाली; ओळखीच्या सहीशिवाय कोणतीही प्रणाली सुरू होऊ द्यायची नाही, असा तिचा नेम. घातक आज्ञावली रोखण्यासाठी ती केली हे खरे, आणि मोठ्या लिनक्स संस्थांनी सह्या मिळवून आपली वाट मोकळीही केली. परंतु घरगुती बिऱ्हाडांची अडचण झाली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज टू गो' या नावाने आपलीही फिरती प्रणाली काढली, पण ती मोठ्या कंपन्यांसाठी होती आणि २०२० साली ती बंद झाली. २००९ साली जन्मलेले 'टेल्स' मात्र आजही आहे. ते मुद्दाम काहीच आठवत नाही. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन प्रकरणातील पत्रकारांनी ते वापरले. धूळपाटीचा विसराळूपणा हाच तिथे गुण ठरला.

पण खिशातल्या प्रणालीला खरा शह दिला तो मोबाइलने. २०११-१२ नंतर अँड्रॉइडवर देवनागरी नीट दिसू लागली, २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि ज्या मराठीसाठी आम्ही बायोसच्या निळ्या पडद्यांत शिरत होतो ती शेतमजुराच्या हातातही सहज आली. याबद्दल खंत करणे म्हणजे कद्रूपणा ठरेल. एवढेच म्हणावेसे वाटते की जुन्या व्यवस्थेत यंत्र परके होते आणि बिऱ्हाड आपले होते. आता यंत्र आपण विकत घेतो, पण आतले बिऱ्हाड दुसऱ्याचे असते. अँड्रॉइडच्या मुळाशी तोच लिनक्सचा गाभा असूनही बहुतेक फोनांत मालकाला आपल्या पसंतीची प्रणाली सहजी बसवता येत नाही. आपली चित्रे आणि पत्रे दूरच्या विदागारात राहतात आणि खाते बंद झाले की दार बंद होते. मामांचे लॉक निदान रात्री गल्ल्यात ठेवता येत होते. आताचे लॉक कुठे आहे तेही दिसत नाही.

गेल्या दिवाळीत मामांच्या दुकानाचा माळा आवरताना तो जुना संगणक निघाला. मामा आता छपाईचे काम करीत नाहीत. आमचा २००९ चा पेनड्राइव्ह एका डबीत सापडला. आधी तो आमच्या नव्या लॅपटॉपला लावून पाहिला. त्याने उंबरठ्यावरच अडवले. मग माळ्यावरच्या संगणकास लावला. पंख्यातून धूळ उडाली, बराच वेळ काही झाले नाही, आणि मग पडदा उजळला. रविवारी रात्री लिहिलेली ती दोन पाने तिथे होती, एकही वेलांटी न हललेली.

मामांनी आपल्या जुन्या पत्रिकांच्या फायली उघडावयास सांगितल्या. त्यांत गावातल्या तीनेकशे लग्नांचा मजकूर होता. त्यांचे लॉक दुकान हलवताना कधीतरी हरवले होते. पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसला. वधू कोणती, वर कोणता, मुहूर्त कोणता, काही कळेना. मामांनी चष्मा लावून थोडा वेळ पाहिले. मग म्हणाले, "तुहं राह्यलं बे. माहं गेलं."

त्या फायलींचे संकेत सोडवून मजकूर युनिकोडात आणता येतो. त्यासाठीची साधने आहेत, वेळ लागतो इतकेच. आम्ही रोज दहा-दहा पत्रिका उतरवीत आहोत. मूर्तिजापूरच्या फलाटावरची हमालीच ती. असो.